अर्थ न लागलेली तार : मोटारीच्या मागील काचेवरील तापकाची जोडणी

शास्त्रीय व व्यावहारिक विषयांवरील मराठी गद्याचा विचार करताना आपण बहुधा परिभाषाकोश समोर ठेवतो आणि त्यातील शब्द सुबोध आहेत की दुर्बोध, संस्कृतातून घडविलेले आहेत की बोलीतून उचललेले, याची चर्चा करतो. तो शब्द ज्या वस्तूला लागू व्हावयाचा ती वस्तू हाताळून पाहण्याचा प्रसंग भाषाशास्त्राच्या अभ्यासकावर क्वचितच येतो. प्रस्तुत लेखकावर तो आला अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, एका शैक्षणिक वर्षाच्या वास्तव्यात. ज्या मराठी गृहस्थांच्या घरी मी राहत होतो ते मूळचे कोल्हापूरचे, स्थापत्य अभियंता म्हणून सेवानिवृत्त झालेले. त्यांच्याजवळ एक जुनी पिकअप गाडी होती. तिची मागची काच फुटली तेव्हा काकांनी भंगारातून दुसरी काच आणून बसवून घेतली. या काचेवर तापकाच्या रेघा होत्या; गाडीत मात्र त्या रेघांना वीज पुरविणारी एकही तार नव्हती. काकांना गुडघ्यांच्या दुखण्यामुळे गाडीत वाकून काम करणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी खुर्चीवर बसून सांगावे आणि मी करावे, असे ठरले.

सूचना इंग्रजीत होत्या. ग्रंथालयात रुळलेल्या माणसाने जे करावे तेच मी केले: आधी त्या सूचनांचे मराठीत टिपण केले आणि मग टिपणावरून काम केले. त्या टिपणात दोन शब्दांचे कार्य मी चुकीचे समजलो होतो आणि त्या दोन्ही चुका जशाच्या तशा तारेत उतरल्या. कागदावरील चूक कोणी वाचीपर्यंत निपचित पडून राहते. विद्युत्-मंडलातील चूक तशी राहीलच असे नाही. या लेखात त्या जोडणीचे विवरण करावयाचे आहे. परिभाषेची चर्चा ओघाने येईल ती तेवढ्यापुरती.

प्रथम काचेवर जमते ते काय, हे पाहावे. हवेत पाण्याची वाफ असते आणि हवा जितकी उबदार तितकी अधिक वाफ तिच्यात राहू शकते. गाडीतील हवा २० अंश सेल्सिअसची असून तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर सुमारे ९ अंशांना तिचा दवबिंदू येतो. म्हणजे त्याहून थंड अशा कोणत्याही पृष्ठाला ती हवा लागली की तेथे पाणी जमू लागते. मिनेसोटातील जानेवारीत बाहेर शून्याखाली १५-२० अंश ही नित्याची गोष्ट. अशा वेळी काचेची आतली बाजू दवबिंदूच्या खाली सहज जाते आणि पुष्कळदा शून्याच्याही खाली जाऊन जमलेले पाणी तेथेच गोठते. पुढील काचेवर गरम हवेचा झोत सोडलेला असतो; मागील काचेला ती सोय नाही. त्यातून पिकअप गाडीचा चालककक्ष आखूड, मागची काच उभी आणि बाकाच्या पाठीला जवळजवळ टेकलेली. बसणाऱ्यांचा उच्छ्वास थेट तिच्यावर जातो.

इंग्रजी नावात हे उपकरण हिम घालविणारे म्हणून ओळखले जाते, पण ते घालविते ते बहुतेक वेळा दवच. मराठीत 'दव' आणि 'दहिवर' हे शब्द सामान्यतः एकमेकांऐवजी येतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात गवतावर पांढरा थर दिसतो तेव्हा आपली वृत्तपत्रे 'दवबिंदू गोठले' असे सबंध वाक्य लिहितात. त्या स्थितीसाठी एखादे नाम सर्वांच्या तोंडी असते तर वाक्याची गरज पडली नसती. म्हणून मी टिपणात नुसते 'तापक' लिहिले. उपकरण काय घालविते यापेक्षा ते काय करते हे सांगणारा शब्द अधिक निर्धास्त, असे तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

हा तापक म्हणजे काचेवर छापलेल्या आडव्या बारीक रेघा. रुप्याची पूड आणि काचेचा चुरा यांचे लुकण जाळीदार पडद्यातून काचेवर छापतात आणि ती भट्टीत तापविली की रेघा काचेशी एकजीव होतात. त्या सर्व रेघांची डावी टोके एका उभ्या रुंद पट्टीला आणि उजवी टोके दुसऱ्या उभ्या पट्टीला मिळालेली असतात. इंग्रजीत या पट्टीच्या नावात 'बस' हा शब्द आहे. तो आपल्या एस. टी.च्या बसचाच सख्खा भाऊ होय: लॅटिन 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी', याचे शेपूट तेवढे उरले आहे, धातू गेला आणि विभक्तिप्रत्यय शब्द म्हणून नांदू लागला. मराठीत दोन घरांमधील भिंतीला आपण 'सामायिक भिंत' म्हणतो. त्या धर्तीवर 'सामायिक पट्टी' हा शब्द मी योजला आणि तो काकांना विनाखुलासा समजला.

सर्व रेघा दोन सामायिक पट्ट्यांमध्ये समांतर जोडलेल्या असल्यामुळे एखादी रेघ मध्येच तुटली तरी बाकीच्या तापत राहतात. रेघ स्वतः वीज वाहते, परंतु तिला विरोध करते आणि त्या विरोधातूनच उष्णता निर्माण होते. ओहमने १८२७ मध्ये दाब, प्रवाह व विरोध यांचा संबंध मांडला आणि जूलने १८४१ मध्ये उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे दाखविले; प्रस्तुत जोडणीला एवढे सिद्धांत पुरतात. आमची काच १३.६ व्होल्ट दाबाला १७ अँपिअर प्रवाह घेत असे. म्हणजे तिचा एकूण विरोध ०.८ ओहम आणि तिच्यात निर्माण होणारी उष्णता सुमारे २३० वॉट. मोटारीच्या हिशेबी हा भार मोठा आहे. या एका आकड्यातून जोडणीचे बाकी सर्व नियम निघतात.

पहिला नियम असा की हा प्रवाह हाताशी असलेल्या लहान बटनातून नेऊ नये. १७ अँपिअर वाहून नेणारे व तोडणारे बटन मोठे हवे, आणि त्यासाठी जाड तार बटनापर्यंत आणून पुन्हा मागे न्यावी लागेल. म्हणून मध्ये रिले घालतात. रिलेच्या आत एक वेटोळे असते. त्यातून पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह गेला की ते चुंबक बनते आणि लोखंडी पट्टी ओढून दुसऱ्या, मोठ्या प्रवाहाची वाट जोडते. बटनाने फक्त त्या वेटोळ्याला जागे करावयाचे.

'रिले' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. शिकारीच्या वाटेवर ठिकठिकाणी ताज्या दमाची कुत्री उभी करीत आणि पुढे प्रवासात ताजे घोडे उभे करीत, त्याला तो लागू होता. तारायंत्राचा क्षीण झालेला संकेत नव्या विद्युत्-घटाच्या जोरावर पुढे ढकलण्याची युक्ती १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात निघाली तेव्हा हाच शब्द तिला मिळाला: थकलेला स्वार येतो, थैली देतो आणि ताजा स्वार निघतो. आपल्याकडे या व्यवस्थेला नाव नव्हते असे नाही. 'डाक' या शब्दाचा मूळ व्यवहार पत्रांचा नव्हता. टप्प्याटप्प्यावर उभ्या केलेल्या माणसांनी व घोड्यांनी वाहतूक करणे हाच होता. तो अर्थ लोपला आणि डाक म्हणजे टपाल एवढेच उरले. आज रिलेला 'डाक' म्हणावे असे मी सुचवीत नाही. सुचविले तरी कोणी ऐकणार नाही. पण विद्यार्थ्याला रिलेचे कार्य समजावून देताना डाकचौकीचे उदाहरण दिले तर चित्र तत्काळ उभे राहते, एवढे सांगण्यासारखे आहे.

रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७. हे आकडे जर्मनीच्या 'डिन ७२५५२' या प्रमाणकातून आले आहेत आणि जगभरच्या गाड्यांत ते दिसतात. ३० म्हणजे बॅटरीच्या धन टोकाकडून थेट येणारी वाट. ८७ म्हणजे उपकरणाकडे जाणारी वाट. ८५ व ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. याच प्रमाणकात किल्ली फिरविल्यावरच जिवंत होणाऱ्या वाटेला १५ आणि गाडीच्या सांगाड्याच्या बाजूला ३१ हा आकडा आहे. हे आकडे पाहून प्रथम मला वैताग आला. तीस का आणि पंधरा का, याला उत्तर नाही. पण दोन-तीन दिवसांत मत पालटले, कारण संपूर्ण जोडणीत माझी एकही चूक या आकड्यांमुळे झाली नाही. ज्या झाल्या त्या अर्थपूर्ण शब्दांमुळे झाल्या.

संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. पाणिनीच्या संज्ञांत एक वर्ग 'टि', 'घु', 'भ' यांसारख्या संज्ञांचा आहे. या अक्षरांना स्वतःचा काही अर्थ नाही, व्याख्येने दिला तेवढाच आहे. दुसरा वर्ग 'सर्वनाम' यासारख्या अन्वर्थ संज्ञांचा, ज्यांच्या अवयवांतूनच वस्तूचे स्वरूप सुचते. संज्ञा लाघवासाठी करावयाची असताना जेथे लांब संज्ञा केली तेथे ती अन्वर्थ समजावी, असा भाष्यकारांचा विचार आहे. आपल्या परिभाषाकारांचा कल स्वाभाविकपणे अन्वर्थाकडे असतो, कारण असा शब्द शिकावयास सोपा. मात्र तो थोडेसे सांगतो आणि सगळे सांगितल्याचा आभास निर्माण करतो. 'घु' म्हणजे काय हे ठाऊक नसणारा निदान व्याख्या तरी पाहतो. अन्वर्थ संज्ञा वाचणारा ती पाहत नाही, कारण आपल्याला समजले आहे अशी त्याची खात्री झालेली असते.

आता जोडणी. कोणतेही काम आरंभण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, धन टोक नव्हे. याला कारण आहे. गाडीचा सर्व सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोकाची चाकी आधी सोडवू गेल्यास आणि पाना सरकून पत्र्याला लागल्यास त्या पान्यातून बॅटरीचा सगळा जोर एका क्षणात वाहतो. ऋण टोक आधी सुटले असेल तर पाना कोठेही लागो, मंडलच पूर्ण होत नाही. त्यानंतर बॅटरीच्या धन टोकाकडून एक जाड तार काढावी. ती इंजिन व चालककक्ष यांमधील पत्र्याच्या भिंतीतून आत आणून रिलेच्या ३० ला द्यावी. पत्र्याच्या भोकात रबराची कडी बसविल्यावाचून तार ओवू नये. गाडीच्या हादऱ्याने पत्र्याची कड वेष्टन कापते. ८७ पासून तशीच जाड तार दाराच्या उंबऱ्याखालून मागे न्यावी आणि काचेच्या एका सामायिक पट्टीला जोडावी. दुसऱ्या पट्टीपासून निघालेली तार सांगाड्याला द्यावी. ८६ ला बटनामार्फत १५ ची वाट आणि ८५ सांगाड्याला. बटनाची वाट १५ कडूनच घ्यावयाची, म्हणजे किल्ली काढली की तापक बंद पडतो. हे न पाळल्यास, किंवा काही रिलेंवर ८७च्या जोडीस '८७ए' असा पाचवा पाय असतो त्याला चुकून तार दिल्यास, काच रात्रभर तापत राहील. ६० अँपिअर-तासांची बॅटरी १७ अँपिअरला साडेतीन तासांत संपते. कारखान्यातून आलेल्या गाड्यांत या बटनामागे दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद करणारी योजनाही बहुधा असते. आम्ही ती केली नाही.

तारेची जाडी अमेरिकेत क्रमांकाने सांगतात आणि तो क्रमांक उलटा चालतो: १८ क्रमांकाची तार बारीक, १० क्रमांकाची जाड. तार ओढताना ती क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांतून नेतात. जितक्या वेळा ओढली तितकी बारीक झाली, या हिशेबाचा हा अवशेष आहे. काकांच्या पेटीत १८ क्रमांकाची तार भरपूर होती आणि तीच वापरावी असा माझा विचार होता. काकांनी कागद मागविला. ही तार मीटरला सुमारे २१ मिलिओहम विरोध करते. पाच मीटरला ०.१ ओहमहून थोडा अधिक. काचेचा ०.८ ओहम त्यात मिळविला म्हणजे प्रवाह १७ वरून १५ अँपिअरवर येतो, तारेतच सुमारे दीड व्होल्ट खर्ची पडतो आणि जवळजवळ २४ वॉट उष्णता गालिच्याखाली, वेष्टनाच्या आत कोंडून राहते. काचेला २३० ऐवजी १८० वॉट मिळतात. १० क्रमांकाची तार घेतली तर तारेतील उष्णता ५ वॉटच्या आत येते. आम्ही १० क्रमांकाची तार विकत आणली.

पहिली चूक फ्यूजची. माझ्या टिपणात वाक्य होते: 'उपकरणाच्या रक्षणार्थ २५ अँपिअरचा फ्यूज घालावा.' उपकरण म्हणजे काच. म्हणून मी फ्यूज काचेजवळ, तार पट्टीला मिळते तेथे घातला. मूळ सूचनेत फक्त फ्यूज घालण्यास सांगितले होते, 'उपकरणाच्या रक्षणार्थ' हे शब्द माझे. ते मी कोठून आणले? शाळेच्या पुस्तकातून. तेथे फ्यूजला 'वितळतार' असा अगदी अन्वर्थ शब्द आहे आणि घरातील उपकरणे वाचविणे हे तिचे काम, असे आपण सारे शिकलो. 'वितळतार' हा शब्द ती काय करते हे चोख सांगतो. कोणासाठी करते याविषयी तो मौन बाळगतो. ती रिकामी जागा मी शालेय स्मरणाने भरली.

काकांनी ते पाहिले आणि शांतपणे विचारले, "काच बिघडली तर जास्तीत जास्त काय होईल?" काचेचा विरोध ठरलेला आहे, तिने आपल्या मर्जीने १७ चे १७० अँपिअर घेण्याचा संभव नाही. रेघ तुटली तर प्रवाह कमीच होईल. काचेला रक्षणाची गरज नाही. रक्षण हवे आहे ते बॅटरीपासून काचेपर्यंतच्या पाच मीटर तारेला. ती तार पत्र्याच्या भोकात घासून उघडी पडली आणि सांगाड्याला लागली तर विरोध जवळजवळ नाहीसा होतो. बॅटरी शेकडो अँपिअर ओतू लागते, तार लाल होते आणि गालिचा पेट घेतो. मी बसविलेला फ्यूज या सर्व काळात काचेजवळ थंडपणे बसून राहिला असता, कारण त्याच्यापर्यंत प्रवाह पोहोचलाच नसता. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा, म्हणजे त्याच्यापुढील सगळी तार त्याच्या पहाऱ्यात येते. त्याचा आकडाही तारेवरून ठरतो: उपकरणाच्या नित्य प्रवाहाहून अधिक, पण तार जितका निर्धोक वाहील त्याहून कमी. एका जागेच्या फरकाने तीच वस्तू पहारेकरी होते किंवा शोभेची होते. गाडी अजून सुरू केली नव्हती, म्हणून ही चूक कागदावरच्या चुकीइतकीच निरुपद्रवी ठरली.

दुसरी चूक त्याहून शिकविणारी होती. काचेच्या दुसऱ्या पट्टीपासून निघणाऱ्या काळ्या तारेविषयी अमेरिकन सूचनेत 'ग्राउंड' असा शब्द होता. मी टिपणात 'भूसंपर्क' लिहिले आणि ती तार मागील पत्र्यातील एका तयार बोल्टखाली दाबून टाकली. रंग खरवडला नाही. बोल्टचे मळसूत्र प्लॅस्टिकच्या नटात फिरत होते हेही पाहिले नाही. इतकी बेपर्वाई मी लाल तारेबाबत खचित केली नसती. मग या तारेबाबत का केली? घरातील तीन काट्यांच्या खटक्यात तिसरा, लांब काटा भूसंपर्काचा असतो. तो जोडला नाही तरी पंखा फिरतो, इस्त्री तापते. धोका वाढतो, काम अडत नाही. 'भूसंपर्क' या शब्दाने माझ्या मनात ही तिसरी तार उभी केली: असावी, पण नसली तर चालेल अशी. मोटारीतील ती काळी तार मात्र तिसरी नव्हे, दुसरी आहे. तिच्यावाचून मंडलच नाही.

किल्ली फिरविली, बटन दाबले. रिलेने 'टक्' केले, बटनावरील दिवा लागला, काच थंडगार. व्होल्टमापकाचे एक टोक सांगाड्याला लावून दुसरे पहिल्या पट्टीला लावले: तेरा व्होल्टच्या वर. दुसऱ्या पट्टीला लावले: तेवढेच. दोन्ही टोकांना वीज आहे आणि काच तापत नाही, हे कोडे मला उलगडेना. काका खुर्चीतूनच म्हणाले, "अहो प्राध्यापक, अर्थ लागलेला नाही."

मला ते माझ्याविषयीचे विधान वाटले. ते तारेविषयी होते. प्रवाह वाहत असेल तरच विरोधामध्ये दाब उतरतो. वाहता प्रवाह असता तर पहिल्या पट्टीवर तेरा, काचेच्या मध्यावर साडेसहाच्या आसपास आणि दुसऱ्या पट्टीवर जवळजवळ शून्य दिसले असते. पुढची वाट बंद असल्यामुळे पाणी तुंबावे तसा दाब सर्वत्र सारखा उभा होता. दोन्ही पट्ट्यांवर सारखा दाब दिसणे ही परतीची वाट तुटल्याची खूण होय. बोल्ट काढला, सांगाड्याच्या भक्कम भागावर रंग खरवडून चकचकीत धातू उघडा केला, तारेचे कडे तेथे घट्ट आवळले आणि गंज धरू नये म्हणून वर वंगण लावले. या खेपेस काच तापली.

काकांचा 'अर्थ' हा आपल्याकडील गॅरेजांत रोज ऐकू येणारा शब्द आहे: 'बॉडीला अर्थ दे', 'अर्थ येत नाही'. इंग्रजी 'अर्थ', म्हणजे पृथ्वी, यातील अंत्य घर्षक ध्वनी मराठीत 'थ' होतो आणि परिणामी हा शब्द संस्कृत 'अर्थ'शी उच्चारात व लेखनात तंतोतंत मिळतो. श्रुतिसम शब्दांमुळे घोटाळा होतो असे आपण शिकवितो, परंतु गॅरेजात तो होत नाही. तेथे कोणी शब्दार्थाची चर्चा करीत नसतो. घोटाळा झाला तो माझ्या शुद्ध, अन्वर्थ 'भूसंपर्का'मुळे. कारण मोटारीत 'भू'शी संपर्क मुळीच नाही. गाडी रबराच्या चाकांवर उभी असते. जमिनीतून वीज परत आणण्याची युक्ती श्टाइनहाइल याने १८३८ मध्ये तारायंत्रासाठी म्युनिक येथे वापरली. दोन गावांमध्ये दुसरी तार न टाकता पृथ्वीनेच ते काम केले. तेथे 'पृथ्वी' हा शब्द अक्षरशः खरा होता. मोटारीत पृथ्वीच्या जागी लोखंडी सांगाडा आला, कार्य तेच राहिले आणि नाव जुनेच चालू राहिले. म्हणजे 'रिले' आणि 'अर्थ' हे दोन्ही शब्द तारायंत्राकडूनच मोटारीला वारसाने मिळाले आहेत. इंग्रजी बोलणाऱ्याला ती जमीन आता आठवत नाही. भाषांतरकार मात्र शब्दाची फोड करून ती नेमकी पुन्हा उकरून काढतो.

'अर्थ' म्हणजे ऋण, असेही समजू नये. कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. तेथे 'अर्थ' धन होता. अर्थ हे टोकाचे नाव नव्हे, वाटेच्या भूमिकेचे नाव आहे. मी 'परतीची तार' हा शब्द आता वापरतो, पण त्यातही पळवाट आहेच: विद्युत्-कण खरोखर ऋणाकडून धनाकडे जातात, तेव्हा जाणे कोणते आणि परतणे कोणते हा संकेताचाच भाग. परिपूर्ण शब्द मिळण्याची वाट पाहत बसलो असतो तर काकांची काच त्या हिवाळ्यात तापली नसती. म्हणून टिपणात शब्द न बदलता वाक्य बदलले: 'काळी तार सांगाड्याच्या उघड्या धातूला जोडावी, हिच्यावाचून मंडल पूर्ण होत नाही.' तसेच, 'फ्यूज तारेच्या रक्षणार्थ आहे. तो बॅटरीपाशी घालावा.' पारिभाषिक लेखनात संज्ञेकडून आपण जे काम करून घेऊ पाहतो ते पुष्कळदा वाक्याचे असते, असे माझे मत या दोन ओळींवरून बनले आहे. परिभाषाकोशात वाक्याला जागा नसते हे खरे. पण पुस्तकात असते.

तापलेल्या काचेकडे बघताना आणखी एक गोष्ट दिसली. दव एकदम जात नाही. प्रथम प्रत्येक रेघेभोवती स्वच्छ पट्टा उमटतो, मग पट्टे रुंदावून एकमेकांना मिळतात. त्या सकाळी वरून चौथ्या रेघेचा पट्टा उमटला नाही. जुन्या काचेवरील ती रेघ कोठेतरी तुटलेली होती. तुटीची जागा डोळ्यांना दिसत नव्हती, पण वरील कोष्टकच येथे उपयोगी पडले. व्होल्टमापकाच्या टोकाला पातळ धातुपत्र गुंडाळून, म्हणजे ओरखडा उठू नये, ते रेघेवरून हलके सरकवीत नेले. अखंड रेघेवर आकडा तेरावरून शून्याकडे क्रमाक्रमाने उतरतो. तुटलेल्या रेघेवर तो तेरावरच खिळून राहिला आणि एका जागी एकदम शून्य झाला. तूट तेथेच होती. ती जागा स्पिरिटाने पुसली, रेघेच्या वर आणि खाली चिकटपट्टी लावून मधल्या फटीत रौप्यमिश्रित वाहक रंगाचे दोन हात दिले आणि रात्रभर सुकू दिले. मधला भाग सरकणाऱ्या काचेच्या गाड्यांत हा खटाटोप अधिक असतो, कारण पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या स्थिर काचांवरच रेघा असतात आणि त्यांना जोडणारी तार चौकटीतून फिरवावी लागते. आमची काच एकसंध होती.

दुसऱ्या दिवशी चौथा पट्टाही उमटला. काकांनी ते टिपण, खाडाखोडीसह, घडी करून गाडीच्या कप्प्यात फ्यूजच्या डबीखाली ठेवले.